गुरुवार सोडून कधीही

अण्णा, काल सकाळी सात वाजता माझ्या दाराची बेल वाजली. दार उघडलं तर सोसायटीचे सेक्रेटरी उभे. तळमजल्यावरचे आजोबा पहाटे गेले म्हणाले. मग जरा घुटमळले आणि म्हणाले, "काकू, तुम्हाला यातलं कळतं असं ऐकलंय." यातलं म्हणजे कशातलं, हे विचारायची गरजच नव्हती. त्यांच्या चेहऱ्यावर माणूस गेल्याचं दुःख होतं थोडं, आणि आता पुढे करायचं काय ही धास्ती त्याच्या चौपट. नारायण पेठेत आपल्या दाराशी अशा चेहऱ्याची किती माणसं उभी राहिलेली मी पाहिलीत! मी गॅस बंद केला, चपला अडकवल्या आणि निघाले. आतून ह्यांचा आवाज आलाच, "बापाची गादी चालवा!" तुमच्या जावयाची जीभ अजून तशीच आहे.

तुम्ही पाटबंधारे खात्यात कारकून होतात हे फक्त खात्याला माहीत. पेठेच्या लेखी तुमचं काम वेगळंच होतं. कुणी गेलं की आधी डॉक्टरला बोलवायचे आणि मग तुम्हाला. काही घरांत आधी तुम्हालाच. डॉक्टरचा दाखला, महापालिकेचा पास, बांबू, सुतळी, मडकं, सगळं तुमच्या जिभेवर. आपल्याला त्याचा अभिमान होता, पण त्रासही काही कमी नव्हता. समोरच्या बिल्डिंगमधले मास्तर आठवतात? हॉस्पिटलात होते म्हणून तुम्ही चांगली मोसंबी घेऊन भेटायला गेलात. तुम्हाला दारात बघून त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि बायकोला म्हणाले, "डॉक्टर मला सांगत नाहीयेत, पण ह्यांना कळवलेलं दिसतंय." चौथ्या दिवशी ठणठणीत होऊन घरी आले, निव्वळ भीतीनं. तेव्हापासून आईनं नियमच केला: आजारी माणसाला भेटायला तुम्ही जायचं नाही, मोसंबी ती नेऊन देईल.

आणि ती तुमची नजर! समोरचा माणूस किती लांबीचा आहे, हे तुम्ही लग्नाच्या पंगतीत बसूनसुद्धा मोजायचात. हे मला बघायला आले, चहा झाला, मंडळी गेली. आईनं मोठ्या आशेनं विचारलं, "कसा वाटला हो मुलगा?" तुम्ही जरा विचार करून म्हणालात, "उंच आहे. नेहमीचे बांबू पुरायचे नाहीत." आई तीन दिवस तुमच्याशी बोलली नव्हती. मी मात्र लग्नाला हो म्हटलं, आणि ह्यांना हा किस्सा पहिलं मूल झाल्यावर सांगितला.

मला सगळं शिकवलंत ते स्वयंपाकघरात, पानावर बसून. आई भाकरी भाजतेय, चुलीवर नाही, स्टोव्हवर, आणि तुम्ही मला सांगताय, "आधी डॉक्टरचा दाखला. त्याशिवाय माणूस गेला हे सरकारला मान्य नसतं, तुम्ही कितीही रडा." आई म्हणते, "जेवताना तरी!" तुम्ही म्हणता, "जेवतानाच सगळे एका जागी सापडतात." एकदा मी तुमच्याबरोबर माझ्या मैत्रिणीकडे गेले होते, तिची आई गेली तेव्हा. तिला बघून मला हुंदका फुटला. तुम्ही मला जिन्यात बाजूला घेतलंत आणि काय झापलंत! "आपण रडायला आलेलो नाही. त्यांना रडता यावं म्हणून आलोय. रडायचं असेल तर घरी जा." चौदा वर्षांची होते मी, अण्णा. फार लागलं होतं तेव्हा. राग अजूनही थोडा आहे, आणि तुमचं बरोबर होतं हेही कळतं. दोन्ही एकदम.

मग तो आमटी-भाताचा दिवस. तुम्ही भात कालवता कालवता म्हणालात, "माझं विजेवर करायचं. लाकडं नकोत. चार तास धूर, आणि आलेली माणसं मेलेल्याकडे कमी नि घड्याळाकडे जास्त बघतात. विजेवर अर्ध्या तासात सगळं आटपतं. आणि ते तू करायचंस, मुलगा नाही म्हणून कुणा पुतण्या-भाच्याला शोधत बसायचं नाही. दे वचन." मी म्हटलं, "उष्ट्या हातानं?" "चालतं." दिलं मी वचन. वर तुम्ही सूचना जोडलीत की त्या बाजूला दुरुस्तीसाठी गुरुवारी लाइट नसते. "तेव्हा गुरुवार सोडून कधीही." आई पातेल्यातली आमटी ढवळत म्हणाली, "हो तर, तुम्हाला विचारूनच नेणारेत!"

आणि गेलात कधी? गुरुवारी! साऱ्या पेठेला वार सांगणारा माणूस स्वतः गुरुवारी गेला. अंघोळ झाली, पेपर झाला, आणखी अर्धा कप चहा मागितलात आणि तो येईपर्यंत थांबला नाहीत. मी माहेरपणाला आले होते म्हणून समोर होते. आई कप हातात धरून तशीच उभी. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे काका धावत खाली आले. तुम्हाला खुर्चीत बघितलं, त्यांचा चेहरा पांढराफटक पडला, आणि त्या माणसाच्या तोंडून निघालं काय, तर "अरे देवा! अण्णांना कळवलंत का?"  मग आई म्हणाली, "त्यांनाच सगळ्यात आधी कळलं." आणि आम्ही तिघं हसलो हो! तुम्ही तिथे असे बसलेले, आणि आम्ही डोळे पुसत हसतोय. कुणी बाहेरून बघितलं असतं तर वेड लागलंय म्हणालं असतं.

तुमच्या शिकवणीप्रमाणे मी कामाला लागले. डॉक्टर, दाखला, पास. पेठेतल्या माणसांनी सुतळीची गाठ कशी मारायची यावर पाऊण तास वाद घातला, कारण जो तो म्हणत होता, "अण्णा अशीच मारायचे." चार जणांच्या चार गाठी. शेवटी मीच बसून मारली. साताऱ्याहून आत्तेभाऊ निघाला होता, त्याच्यासाठी थांबलो. तो स्वारगेटला उतरून रिक्षानं दीड वाजता आला आणि दारातच सुरू झाला. "मामांना विजेवर नेणार? शॉक देऊन पाठवणार का त्यांना?" मी म्हटलं, "वचन दिलंय मी." तो म्हणाला, "वचन दिलंस तेव्हा लहान होतीस." मी म्हटलं, "दोन मुलांची आई होते." तो मग गाडीत पूर्ण वेळ धुसफुसत होता.

स्मशानात पोचलो तर तिथला माणूस हात जोडून म्हणाला, "ताई, आज गुरुवार हाय. लाइट सकाळपासनं न्हाई. पाचला येते म्हंतात, कधी कधी आधीबी येते. थांबता, का लाकडावर घेता?" आत्तेभावाचा चेहरा असा फुलला! "बघ, मामांचीच इच्छा!" मी अडून बसले. चारपर्यंत वाट बघायची, चारला लाइट नसेल तर लाकडावर. लोक मुकाट्यानं कट्ट्यावर बसले आणि तुम्ही म्हणायचात तसंच घड्याळाकडे बघायला लागले. चार वाजले. लाकडं रचून तयार होतीच. मी मडकं खांद्यावर घेऊन फेऱ्या मारल्या, मागे न बघता मडकं टाकलं, आणि मग गुरुजी म्हणाले की आता उलटा हात तोंडावर ठेवून बोंब मारा. तुम्ही नेहमी हसायचात, की शिकलेल्या माणसांना ती जमत नाही, खोकल्यासारखा आवाज काढतात. अण्णा, माझी बोंब ऐकून आत्तेभाऊ दोन पावलं मागे सरकला. सकाळपासून एकदाही रडले नव्हते मी. चौदाव्या वर्षापासून कुणाच्याच मयतीत रडले नव्हते. ते सगळं तिथे बाहेर आलं आणि नंतर थांबेचना. ह्यांनी मला धरून बसवलं.

पुढचे दिवस पण काय सांगू. भेटायला आलेल्यांना निघताना "या" म्हणायचं नाही, हे तुम्ही घोकून घेतलेलं. पण सवय कुठली जायला? जो उठेल त्याला मी दारापर्यंत जाऊन सांगतेय, "या हं परत!" तिसऱ्या दिवशी आईनं मला दाराजवळून उठवून आत पोळ्या लाटायला बसवलं. तिथेही मी तुमच्या हिशेबानं दोन जास्त लाटल्या. त्या आईनं दुसऱ्या दिवशी फोडणीच्या करून खाल्ल्या.

हे सगळं आज का उकरतेय? काल त्या आजोबांची मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. बंगलोरहून धावत आलेली, बिचारीनं बूटही काढले नव्हते. विचारते, "काकू, विजेवर किती वेळ लागतो?" मी अगदी तुमच्या ठेक्यात म्हणाले, "अर्ध्या तासात सगळं आटपतं." ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "इतक्यातच?"  मग मी बाहेर जाऊन गाडीवाल्याला सांगितलं, तासभर थांबा, आणि सगळ्यांना हुसकून तिला बापाजवळ एकटीला बसवलं. सेक्रेटरी कुरकुरले. कुरकुरू देत.

हे आत्ताच डोकावून गेले, "एवढं कुणाला लिहितेस?" म्हटलं, सोसायटीला तक्रार. नाहीतर वाचायला मागतील. कुणाला दाखवायचं नाहीये मला हे; आई होती तोवर तिलासुद्धा सांगितलं नाही. ऐका. त्या गुरुवारी चारला दहा मिनिटं कमी असताना मी नळावर मडकं भरायला एकटीच गेले होते. स्मशानातला तो माणूस लगबगीनं आला आणि म्हणाला, "ताई, लाइट आली. मशीन तापायला लावू का?" तुम्हाला आत सरकवायचं, दार खाली यायचं, आणि संपलं. मी त्याला म्हटलं, "राहू द्या, कुणाला सांगू नका." मग परत येऊन सगळ्यांच्या देखत घड्याळाकडे बघत बसले. लोक पाच वाजता पांगले, आत्तेभाऊ त्याची गाडी गाठायला गेला, हे जरा लांब जाऊन उभे राहिले, आणि मी दिवस मावळेपर्यंत तुमच्यासमोर बसून होते. वचन मोडलं मी, अण्णा, जाणूनबुजून मोडलं. मला अर्धा तास पुरला नसता.