चौघांची सहल आणि कानातला कापूस

५ जानेवारी, रविवार

ठरलं! म्हणजे कुठं जायचं ते नाही ठरलं. जायचं, एवढं ठरलं.

मेघाचं लग्न आठ मेला. मग ती पुण्याची. आज जेवताना तीच म्हणाली, "दादा, आपण चौघं मिळून कधी कुठं गेलोय का रे?" मी घास हातात धरून आठवत बसलो. नाही. एकदाही नाही. नाना एकतीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर. दिवाळी, मे महिना, यात्रा — लोकांच्या सुट्ट्या म्हणजे नानांच्या जादा गाड्या. आम्ही तिघं मामाकडे, इथून जवळच्या असोद्याला, नाना स्टेअरिंगवर. गेल्या जूनमध्ये रिटायर झाले. तेव्हापासून खाटेवर.

तर — चौघांनी, आठ दिवस, लग्नाच्या आत. चौकशीचं काम माझ्याकडे. आई म्हणाली, "तू सगळं नीट बघतोस." नाना म्हणाले, "नाव ठेवलं समाधान आणि पोरगं जन्मभर काळजीत."

६ जानेवारी

वहीचं पान मधोमध दुमडलं. डावीकडे हॉलिडे क्लब. एकदा मेंबर झालं की पंचवीस वर्षं, दर वर्षी सात दिवस त्यांच्या हॉटेलांत राहायचं. उजवीकडे फैसलची गाडी. फैसल धुळ्याला गाड्यांच्या बॉड्या बांधतो, नंबर प्लेटी माझ्याकडून करून नेतो. त्यानं एका जुन्या व्हॅनमध्ये चार बिछाने, शेगडी आणि बेसिन बसवलंय. चालतं घर. विकतो, भाड्यानंही देतो.

मी बारावीपर्यंत गेलो, बारावीच्या पलीकडे गेलो नाही. पण रेडियमच्या दुकानात सहा वर्षं लोकांच्या गाड्यांवर शब्द चिकटवतोय आणि आजवर एक वेलांटी चुकलेली नाही. इथंही चूक नको.

९ जानेवारी

आई हल्ली रोज सकाळी सातला देवळात जाते. आठला येते. प्रसाद आणत नाही. नोंद करून ठेवतो.

१२ जानेवारी, रविवार

क्लबचा मेळावा, स्टेशनजवळच्या हॉटेलात. नवरा-बायको दोघं आले तरच आत. मला बायको नाही, म्हणून नाना-आईला पुढं केलं आणि मी मागून वही घेऊन.

टाय लावलेला माणूस आमच्या टेबलाशी बसला. खूप गोड बोलतो. नानांना म्हणाला, "काका, आजवर कुठं कुठं फिरलात?"

नाना म्हणाले, "महाबळेश्वर. सापुतारा. गणपतीपुळे. पणजी."

"अरे वा! किती दिवस राहिलात?"

"पंधरा मिनिटं. चहापाण्याला."

"आणि काय काय पाहिलंत?"

"स्टँड."

तो जरा गडबडला. मग आईकडे वळला. डोळे मिटा म्हणाला, आणि पंचवीस वर्षांनंतरची सुट्टी बघा. आईनं खरंच मिटले. "काय दिसतंय काकू?" "माझा फोटो दिसतोय. हार घातलेला." शेजारची दोन टेबलं हसली. नाना तोवर झोपले होते — खुर्चीत, ताठ, हात मांडीवर स्टेअरिंग धरल्यासारखे.

काचेचे सहा पेले फुकट मिळाले. एक घरी येईस्तोवर फुटला.

१५ जानेवारी

क्लबचा करार वाचला. चौदा पानं. दोनदा. आपल्याला परवडणाऱ्या मेंबरशिपमध्ये फक्त जुलै-ऑगस्ट मिळतात. आपल्याला हवा एप्रिल. फोनवर विचारलं तर ताई म्हणाल्या, "सर, पावसाळ्यात निसर्ग सुंदर असतो." असेल. मेघा नसेल.

खोलीत स्वयंपाक करायला मनाई. आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग तिथं मी करू काय दिवसभर?" मी म्हणालो, आराम. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी परकी भाषा बोललो.

१९ जानेवारी, रविवार

धुळ्याला जाऊन गाडी बघितली. बिछाने मापले. नाना पाच फूट नऊ, बिछाना सहा फूट. बरोबर. सिलिंडरची नळी तीनदा तपासली. फैसल म्हणाला, "समाधानभाऊ, अजून नाकानं हुंगून घे, मनात ठेवू नकोस." हुंगलो.

एक गोष्ट खटकली. गाडी पूर्वी रुग्णवाहिका होती. अक्षरं खरवडलीत, वर पांढरा रंगही मारलाय, पण उन्हात तिरकं बघितलं की अक्षरांची सावली दिसते. फैसल म्हणतो, कुणाला दिसत नाही. मला दिसते. दुसरं काय करतो मी दिवसभर!

घ्यायच्या आधी एक दिवस वापरून बघायची, असं ठरलं. दोन फेब्रुवारीला चालवायला फैसल. धुळ्याहून असोद्याला अभिमनमामाच्या शेतात. तिथं भरीत.

३१ जानेवारी

वेळापत्रक केलं. पहाटेच्या एसटीनं धुळ्याला, तिथून गाडीनं सकाळी साडेसात. पारोळा — चहा, दहा मिनिटं. असोदा साडेदहा. वाटेत कुणाच्याही घरी जायचं नाही. एका घरी गेलं की दुसरं रुसतं. मेघाची अट — सगळ्यांचे फोन बंद करून स्टीलच्या डब्यात. सुट्टी म्हणजे सुट्टी. दोन्ही गोष्टी तेव्हा फार शहाणपणाच्या वाटल्या.

२ फेब्रुवारी, रविवार

कुठून सुरुवात करू.

सकाळी गार वारा. नाना मागच्या बिछान्यावर आडवे झाले. पांढरी शाल हनुवटीपर्यंत. कानांत कापूस — थंडीत ते नेहमीच घालतात. गाडी सुरू होऊन पाच मिनिटं झाली नाहीत तर घोरायला लागले. मग घोरणंही थांबलं, इतकी गाढ झोप. आई पुढं फैसलजवळ बसली. काय काय विचारत होती त्याला! क्लच जड आहे का, चढावर कुठला गिअर. मला वाटलं, वेळ घालवतेय.

पारोळ्याला चहाला थांबलो. मेघाला गाडी लागली होती, ती डोळे पुसत उतरली. मी नानांच्या उशाशी बसून सिलिंडरचा विचार करत होतो. माझा चेहरा तेव्हा कसा होता, मला माहीत नाही. मेघा म्हणते, नेहमीसारखाच, आणि तिथंच घोटाळा झाला. एक म्हातारे गृहस्थ खिडकीतून डोकावले, हात जोडले, फैसलला विचारलं, "कुठं नेताय?" तो म्हणाला, "असोद्याला." ते मान हलवत गेले. मी म्हणालो, किती अगत्यशील माणसं असतात पारोळ्याची!

ते धुरपदाआत्याच्या शेजारचे निघाले. धुरपदाआत्या म्हणजे नानांची थोरली बहीण.

असोद्याला सगळं छान. मामानं तुरीच्या काड्यांवर वांगी भाजली. नाना निंबाखाली खाटेवर पुन्हा शाल घेऊन पडले. मी वहीत उजव्या बाजूला चार बरोबरच्या खुणा केल्या.

दोनच्या सुमारास बांधावर दोन क्रूझर गाड्या येऊन थांबल्या. सतरा माणसं उतरली. बायकांनी पदर तोंडाला लावलेले. दोघांच्या डोक्यावर टोपली आणि पातेलं. सगळ्यांच्या पुढं आत्या, छाती बडवत —

"मन्हा भाऊ रेऽऽ!"

नाना दचकून उठून बसले. कानातला कापूस काढला. आणि घाबरून विचारलं, "काय व्हयनं? कोण ग्या?"

आत्या जागच्या जागी थांबली. "तू!"

मग मागून एक जण म्हणाला, "हाऊ ते जित्ता शे!"

आत्यानं पुढं होऊन नानांचा गाल चाचपला. मग त्याच गालावर एक ठेवून दिली. "जित्ता शे ते पानी पेवाले काब्र नही उना?"

जिवंत होतास तर पाणी प्यायला का आला नाहीस — हे सगळ्यात महत्त्वाचं निघालं! गाडीवरची सावली, शाल, कापूस, माझा चेहरा — यावर तिचा अर्धाच विश्वास बसला होता. पण भाऊ पारोळ्यावरून जातो आणि बहिणीच्या दारात पाणीही पीत नाही — म्हणजे भाऊ उरलाच नाही, असं तिनं धरलं. फोन केले तर चारही बंद. म्हणजे माझं वेळापत्रक आणि मेघाचा डबा, या दोघांनी मिळून नानांना मारलं.

टोपलीत भाकरी, पातेल्यात पिठलं. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून आणलेलं. आता त्याचं करायचं काय? परत नेणं बरं नाही. इथं खाणंही बरं नाही. वाद सुरू झाला. शेवटी मामा म्हणाला, "माणूस जिवंत, तर पिठलंही साधंच पिठलं. बसा." तेवीस पानं उठली. फैसल चार भाकरी खाऊन म्हणाला, "नाना, असा कार्यक्रम वरचेवर ठेवा."

मग आत्याला गाडी आतून बघायची होती. मग सगळ्यांनाच. वहीत होतं — झोपण्याची सोय : चार. प्रत्यक्ष : अकरा जण. एका बिछान्याची फळी गेली. फैसल म्हणाला, चाचणी म्हणजे हीच.

नाना दिवसभर खुशीत. कोण आलं, कोण नाही, पुन्हा पुन्हा मोजत होते. "यावलचा योगराज नाही आला," म्हणाले. "बघून घेईन."

३ फेब्रुवारी

सकाळी नाना माझ्याजवळ येऊन बसले. खाट सोडून, आपणहून. म्हणाले, "समाध्या, गाडी चालू होती आणि मी डोळे मिटले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा."

डावी बाजू खोडली. क्लबच्या ताईंना नम्रपणे कळवलं. गाडी विकत नको, आठ दिवस भाड्यानं. १२ एप्रिलपासून. सापुतारा, मग डहाणूचा समुद्र.

४ फेब्रुवारी

मोठी अडचण. मी धरून चाललो होतो, नाना चालवतील. नाना म्हणतात, "मी नाही. मी मागं." बरोबरच आहे. पण मग कोण? फैसलला आठ दिवस कारखाना सोडता येत नाही. भाड्यानं ड्रायव्हर घेऊ म्हणालो, तर नाना चिडलेच. "त्यालाही पोरं असतील. दुसऱ्याची सुट्टी मारून आपली सुट्टी करायची?"

मी वही मिटली. आई भाजी निवडत होती, ती थांबली फक्त.

१६ फेब्रुवारी, रविवार

माझ्याकडे लायसन आहे. गाडी चालवता येते, असं नाही. नानांनी मामाच्या जीपवर शिकवायला घेतलं. दहा मिनिटांत त्यांचा आवाज अख्ख्या असोद्यानं ऐकला. "इंडिकेटर दिलास ना? मग वळ! इंडिकेटर देऊन विचार काय करत बसतोस!"

मी विचार करत होतो, मागून कुणी येत असेल तर.

९ मार्च, रविवार

चौथा धडा. बांध. मामाची दोन वांग्याची झाडं. सोडून दिलं.

२ एप्रिल

ईदचा शिरखुर्मा घेऊन फैसल दुकानात आला. गाडी धुऊनपुसून तयार आहे म्हणाला. फळी बदललीय. "चालवणार कोण?" मी म्हणालो, बघतो. त्यानं आईची तब्येत विचारली आणि उगाच हसला.

७ एप्रिल

मेघानं बॅग भरून ठेवलीय. माझ्याकडे बघते, विचारत नाही. तिनं विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आई अजूनही सातला देवळात. प्रसाद नाहीच.

११ एप्रिल

संध्याकाळी फैसलनं गाडी दारात आणून लावली, तरी त्याला 'नको' सांगायला फोन हातात घेतला. आईनं तो काढून डब्यात टाकला. "उद्या सहाला निघायचं."

"आई, पण चालवणार कोण?"

"तू रेडियम घे आणि मागची ती अक्षरांची सावली झाक. आणि पारोळ्याला थांबायचं. लिही तुझ्या कागदावर."

१२ एप्रिल, पारोळ्याच्या पुढं, चालत्या गाडीत

अक्षर हलतंय, माफी. पारोळ्याला आत्यानं आधी नानांना चिमटा काढून बघितला, मग पाणी दिलं. नाना आता मागं आडवे. कानांत कापूस. मघाशी गिअर जरासा करकरला, तेव्हा त्यांचा एक डोळा उघडला. नानांनी ओठांवर बोट ठेवलं. "गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये," एवढंच म्हणाले, आणि डोळा मिटला.

देवळातून प्रसाद का येत नव्हता, ते आज पहाटे नवं कोरं लायसन बघून कळलं. आईनं इंडिकेटर दिला. आणि वळली.