मशीनच्या पोटातली हळद

आवं तात्या, कितींदा सांगू, मशीन मी बिघडवलं न्हाई. मी हात लावायच्या आधीपास्नं ते रडक्या आवाजात वाजत होतं, हे अख्ख्या कडेगावला ठाऊक हाय. तुमी फोन उचलत न्हाई म्हणून चिठ्ठी लिहितोय. (पाया पडतो. हे आधी लिहायचं, पण रागात र्‍हायलं. गुडघं कसं हायत? काकूला दम लागतो का अजून?)

अंकिताच्या हळदीला तुमच्याच मशीनवर सनईची रेकॉर्ड लागली तरच लेकीच्या मांडवात पाय ठेवीन, असं तुमी भावकीत बोलून बसलाय. म्हणून मी ते गोधडीत गुंडाळून इकडं सेलमला आणलं. मी गलाईच्या दुकानात सोनं गाळणारा, मला यातलं काय कळतंय? तरी उघडलं. चाक फिरवायचा रबरी पट्टा जुन्या चड्डीच्या इलॅस्टिकगत सैल पडलेला, तो बदलला. सुईनं उड्या मारू नयेत म्हणून तुमी दांडीवर चिकटवलेला रुपया धरून सुईचा भार सोन्याच्या काट्यावर तोलला. आठ ग्रॅम. तीन पुरतात. तात्या, एवढी वर्षं तुमी सनईवर नांगर धरला होता.

मग सोनाराचं भिंग लावून रेकॉर्ड बघितली. कडंपास्नं मधापर्यंत एकच सरी हाय. कुठं बांध न्हाई, कुठं तुटलेली न्हाई. आन तिच्या दोन्ही कडा थरथरल्यागत नागमोडी. वाजवणार्‍यानं दम घेतला तिथं सरळ झालेल्या. माणसाचा दम डोळ्यांनी दिसतो, तात्या. स्पीकर जोडायच्या आधीच चाक फिरवलं, तर नुसत्या सुईतनं, मुंगीनं वाजवावी तशी बारीक सनई आली. आमच्या बिराप्पा शेठनी (हसायलाबी पैसं पडतात असं समजणारा माणूस) भट्टीचा पंखा बंद करून कान लावला.

"गुंड्या, कोण वाजवतंय रं?"

"मशीन, शेठ."

"मशीन न्हवं. आत माणूस हाय."

रेकॉर्ड संपेस्तोवर शेठनी पंखा लावू दिला न्हाई.

आता मशीन लय भारी वाजतंय. शुक्रवारच्या ट्रॅव्हल्सनं पाठवतोय. सपाट जागेवर ठेवा, आन रुपया परत चिकटवू न्हका.

तुमचा पुतण्या,
गुंडा

ता. क. हे लिहू का नको करत होतो. चाकाखाली हळदीची ढेप निघाली, तुमी मशीन वाजवलेल्या इतक्या मांडवांतली. आमच्यात धूळ टाकायची रीत न्हाई. फरशीवरचा केर बी जाळून त्यातलं सोनं काढतात. शेठनी सवयीनं ती ढेप न बघताच मुशीत घातली. गार झाल्यावर तळाला मोहरीएवढा सोन्याचा मणी. शेठ मशीनच्या पाया पडले. मला मात्र काकूची नाकातली चमकी आठवली, आपल्या भावकीतल्या बिरदेवच्या लग्नात मांडवात हरवलेली. ती विकून तुमी नवी सुई आणली, असं काकू आजवर म्हणते. तुमी विकली न्हवती, तात्या. आन पुरावा आमी वितळवला.

पुन्हा ता. क. मणी पुडीत घालून मशीनच्या दांडीला बांधलाय. पुडी तुमी फोडू न्हका, काकूलाच फोडू द्या. मग तिला घेऊन सोनाराकडं जा, तिच्यासमोर त्याच मण्याची चमकी घडवा, आन तिनं काय बी बोललं तरी उलटं बोलू न्हका. हळदीला तिच्या नाकात दिसली पायजे. आधीचा खडा जळला. नव्या खड्याचे आन मजुरीचे मिळून सातशे रुपये पाठवतोय.