खाल्लेला नाही, चेचलेला आहे

पंचवटी, नाशिक

तीर्थरूप सरोजिनीमावशीस,

अपूर्वाचा नमस्कार. गुडघा कसा आहे? काकांना गोळ्यांची आठवण अजून तूच करतेस का? एकाच गावात, पंचवटीतून गंगापूर रोडला कोणी पत्र पाठवत नाही, हे मान्य. पण मी फोनवर बोलत असले की आई शेजारी बसून माझी उत्तरं सुचवते.

प्रयोगशाळेत सध्या माझ्याकडे लसूण आहे. (पाकळी अख्खी असते तोवर फारसा वास येत नाही. चेचली की तिच्यातले दोन घटक एकत्र येऊन ॲलिसिन तयार होतं. वास त्यामुळे येतो, आणि विषाणूवर काही परिणाम होतो का, हेही त्याचंच तपासायचं असतं.) घरात आषाढीपासून कांदा-लसूण बंद, आणि मी रोज संध्याकाळी वासासकट हजर. बेसन, लिंबू, सगळं लावून झालं. बाबांनी सुरुवातीलाच बजावलं होतं की घरी पूजेला आलेल्या एका जरी यजमानाने नाक मुरडलं तर कार्तिकीपर्यंत रजा घ्यायची. रजा घेतली तर काम दुसऱ्याकडे जाईल. मला ते द्यायचं नाही.

परवा बाबा संकल्प सांगत असताना मी पाण्याचा तांब्या घेऊन आत गेले. यजमानांनी बाबांकडे पाहिलं, बाबांनी माझ्याकडे. मी खुलासा केला, "खाल्लेला नाही, चेचलेला आहे." ते गेल्यावर आई म्हणाली, "गप्प बसली असतीस तर त्यांना गटार वाटलं असतं."

तेव्हापासून गल्लीत बातमी आहे की गुरुजींच्या मुलीने सर्दीवर औषध काढलं. भाजीवाल्या कुसाबाई वाटी घेऊन आल्या. मी सांगितलं, काचेच्या बशीतल्या पेशींवर जे दिसतं ते माणसात दिसेलच असं नाही. त्या म्हणाल्या, "मंग बशीतच दे ना बाई."

बाबा आता रजेवर अडून बसले आहेत.

तुझी,
अपूर्वा

ता. क. तुमच्याकडे चातुर्मास पाळत नाहीत. कार्तिकीपर्यंत मागची खोली मिळेल का?

ता. क. आणखी एक. बाबांना हे विचारलं तर वाद न घालता हो म्हणाले. दर रविवारी, जेवणाच्या वेळेला, माझी चौकशी करायला येणार आहेत. तू लसणाची चटणी अजून खलबत्त्यात कुटतेस का, हेही विचारत होते. तिथे गेल्यावर माझा वास त्यांच्या अंगाला लागेल, असं त्यांनी आईला आधीच सांगून ठेवलं आहे.