बाकीचे पाच कुठे सांडले?

मालकीणबाईंना, दुकानाला कुलूप लावून लेकीकडे आलेल्या शिंप्याचा नमस्कार.

लेक बरी आहे. वसतिगृहातली खोली हवेशीर आहे. जरा उतरली आहे, एवढंच. तुझा गुडघा कसा आहे?

आता दुसरं. तिचा प्रबंध लिहून तयार होता, पण तिने तो दिलाच नाही. मुदत सोमवारी संपली, वर्ष गेलं. कारण काय, तर शेवटची दोन पानं मनासारखी उतरली नाहीत.

मी पोचलो तेव्हा दार अर्धवट उघडं होतं. आत ती एकटीच बोलत होती. "पंच्याण्णव? मग बाकीचे पाच कुठे सांडले, गाढवे?" अगं, शब्द माझे, मागचं खाकरणंही माझंच. ती चौथीत होती तेव्हा तिचे गुण बघून मी दुकानात असं म्हणायचो आणि गिऱ्हाइकं हसायची. तीही हसायची.

मग मी आत जाऊन खरं सांगून टाकलं. "बाळा, तीस वर्षांत माझा एकही कोट बिनचूक शिवून झालेला नाही. वाकडी शिलाई अस्तराखाली लपवतो आणि वरून इस्त्री फिरवतो."

"हे तेव्हा का नाही सांगितलंत, बाबा?" एवढंच म्हणाली.

नंतर तिने चहा केला. माझ्या तोंडून सवयीने गेलं, "साखर किंचित कमी." तिने कप उचलला, मोरीत ओतला आणि पुन्हा आधण ठेवलं. दुसरा कप मी छान म्हणून प्यायलो. ती माझ्या तोंडाकडेच बघत होती.

धाकटीचा निकाल लागला की तू बघ आणि कपाटात ठेव. मला दाखवू नकोस.

तुझाच,
शहाणा