याच नावाचा दुसरा गृहस्थ

मी, खाली सही करणारा, वय पंचाहत्तर पूर्ण, धंदा खटपट, राहणार डॉक्टरांच्या दवाखान्याच्या बरोबर वरचा मजला, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना, स्वखुशीने आणि सकाळचा चहा झाल्यावर लिहीत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. समोर डॉक्टर बसले आहेत, पण ते माझे मन ठिकाणावर असल्याचा दाखला द्यायला आणि साक्षीदार म्हणून सही करायला आले आहेत. तूर्त माझे वर्तमानपत्र वाचत आहेत.

या दस्तात मी माझे नाव सहीखेरीज कोठेही लिहिणार नाही, कारण ते लिहिले की डॉक्टरांचे होते. आमचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव ही तिन्ही एकच आहेत. नाते काही नाही. आमचे वडील एकमेकांना कधी भेटले नाहीत. भेटले असते तर मुलांची नावे ठेवताना विचार केला असता. तो न झाल्यामुळे आम्ही दोघे जन्मभर एकमेकांना नावे ठेवत आलो. लोक त्यांना डॉक्टर म्हणतात आणि मला खटपटे. तेव्हा यापुढे 'डॉक्टर' म्हणजे डॉक्टर आणि 'मी' म्हणजे मीच समजावे. वकीलबाईंनी हे स्पष्ट लिहायला सांगितले आहे.

कलम १. राहती जागा मुलगा आणि मुलगी यांना निम्मी निम्मी. बँकेत जे असेल तेही तसेच. जिन्याची तिसरी पायरी हलते, ती मीच मुद्दाम तशी ठेवली आहे. कोणी वर येत असले की ती वाजते आणि मला कामाचा आव आणता येतो. ती दुरुस्त करू नये.

कलम २. लेथ, कानशी, पान्हे, हातोड्या, म्हणजे कामाच्या खोलीतले सर्व लेकीला. चिरंजीवांनी राग मानू नये. ते खिळा ठोकतात तेव्हा खिळा सोडून सगळ्यांना लागते.

कलम ३. दूध उतू जाण्याआधी शिट्टी वाजवणारे झाकण जावईबापूंना. ते दूध उतू गेल्यावर वाजते. जावईबापूही सगळे आवरून झाले की 'मी काही करू का?' असे विचारत येतात. दोघांचे चांगले जमेल.

कलम ४. दारावरची 'संशोधक' ही पाटी काढून टाकावी. तिने मला फार छळले. एक बाई नवरा हरवला म्हणून आल्या होत्या. मी म्हटले, "बाई, मी शोध लावतो, शोध घेत नाही." त्या म्हणाल्या, "मग लावा ना! लागला तर बरंच." नवरा खाली दवाखान्याच्या बाकावर पेंगत होता. बाई डॉक्टरांचे उपकार मानून गेल्या. पाटीवर नुसते वरचे नाव वाचून जे जीभ बाहेर काढून माझ्यासमोर बसत, त्यांची गोष्ट वेगळीच. एका आजींनी हट्टाने नाडी बघायला लावली. मी नाडी बघितली आणि त्यांच्या काठीला खाली रबर बसवून दिले. 'औषधापेक्षा गुण आला,' असे त्यांनी गल्लीभर सांगितले, पण नाव घेऊन सांगितले. डॉक्टरांकडे त्या दिवशी रांग लागली.

उलटेही होत असे, हे कबूल. कोणी त्यांच्याकडे बिघडलेला मिक्सर नेला की ते त्याला आधी स्टेथोस्कोप लावत आणि मग वर पाठवत. निदान मात्र बरोबर असे.

कलम ५. खुर्ची.

माझ्या पत्नीचे, म्हणजे हिचे, गुडघे धरले तेव्हा मी ही खुर्ची केली. दांडी ओढली की स्प्रिंगांवर बैठक हळूहळू वर येते आणि बसलेल्या माणसाला अलगद उभे करते. ही खुर्चीवर हात ठेवून 'ऊठ ग बाई' म्हणायची आणि खुर्ची तिला उठवायची. डॉक्टरांनी पाहिली, आवडली, म्हणून दवाखान्यासाठी मी दुसरी करून दिली. मग कुठल्याशा संस्थेने त्या खुर्चीच्या कर्त्याचा सत्कार ठरवला. निमंत्रण नावाने आले ते खालच्या दारात. डॉक्टर गेले, शाल नको म्हणाले, मानपत्र घेऊन आले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून आले की, या नामांकित डॉक्टरांनी रुग्णांसाठी खुर्चीचा शोध लावला. तेव्हापासून ती 'डॉक्टरांची खुर्ची'. मी हिच्या खुर्चीला पितळी पट्टी लावून त्यावर माझे पूर्ण नाव कोरले. पाहुणे वाचून म्हणाले, "वा! डॉक्टरांनी नावसुद्धा कोरून दिलंय."

पुढे दवाखान्यातल्या खुर्चीची स्प्रिंग तुटली आणि उठवणारी खुर्ची कायमची बसली. मी ती दुरुस्त केली नाही. डॉक्टरांनीही सांगितले नाही. आम्ही रोज संध्याकाळी बुद्धिबळ खेळत आलो, पण खुर्ची हा शब्द कोणी उच्चारला नाही.

ही आता नाही. खुर्ची आहे. माझ्यामागे माझे असे एवढेच राहणार आहे, आणि तेही माझे म्हणून कोणी ओळखणार नाही, याचे मला वाईट वाटते. सबब सदर खुर्ची लेकीने ठेवावी. ती डॉक्टरांना कोणत्याही परिस्थितीत, त्यांचे गुडघे कितीही दुखत असले तरी, देऊ नये.

येथे दस्त थांबवावा लागला. डॉक्टर वर्तमानपत्र खाली ठेवून माझ्या खांद्यावरून वाचत होते.

"अहो खटपटे, हे काय लिहिलंय?"

"खरं ते लिहिलंय."

"मी तिथं भाषण केलं ते कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

"मानपत्र घेतल्यावर भाषण करावंच लागतं."

"अहो, उभं राहून स्पष्ट सांगितलं मी! नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं घेतलं आणि म्हटलं, ही खुर्ची यांनी केली, टाळ्या यांना द्या."

"मग?"

"मग काय! लोकांना वाटलं मी स्वतःबद्दलच बोलतोय. म्हटलं, अहो, मी नाही, आमच्या वरचे! तर सगळ्यांनी आभाळाकडे बघून हात जोडले. अध्यक्ष म्हणाले, एवढा मोठा माणूस, पण विनय बघा."

मी पेन खाली ठेवले. मग विचारले, "आणि मला का नाही सांगितलंत?"

"आलो होतो की वर. वहिनींनी दार उघडलं. म्हणाल्या, ते फार तापलेत, चार दिवस जाऊ द्या, मीच सांगते. मला वाटलं, त्यांनी सांगितलं."

हिने सांगितले नाही. सांगायला आली असेल, तर मी ऐकून घेतले नसेल. 'डॉक्टर' हा शब्द निघाला की मी लेथ सुरू करत असे. मला रडू आले. दस्तात काही लपवू नये, असे वकीलबाई म्हणाल्या होत्या म्हणून तेही लिहिले.

डॉक्टर पाणी आणायला उठू लागले. टेबलाला धरले, सुटले, पुन्हा धरले. मी बघत होतो. त्यांना माझ्या देखत उठायचे नव्हते म्हणूनच ते रोज डाव संपल्यावर मला आधी उठायला लावत, हे आत्ता ध्यानात आले.

कलम ५ रद्द. त्याऐवजी: खुर्ची डॉक्टरांना. माझ्या मृत्यूची वाट पाहू नये, आजच न्यावी. दवाखान्यातलीची स्प्रिंग मी उद्या बसवतो. दोन्ही खुर्च्यांवर नवी पट्टी लावावी: 'ही याच नावाच्या दुसऱ्या गृहस्थाने केली.'

ज्याला काही मिळते तो साक्षीदार चालत नाही, असे वकीलबाईंचे म्हणणे. म्हणून डॉक्टरांना साक्षीतून कमी करून, खिडकीतून हाक मारून समोरचे शिंपी आणि शेजारचे घड्याळवाले यांना वर बोलावले. तिसरी पायरी दोनदा वाजली.

डॉक्टरांचा दाखला: या गृहस्थांना मी तपासले. मन ठिकाणावर आहे. खुर्ची यांनीच केली, तिच्यात माझा हात नाही. राग थोडा शिल्लक आहे, त्यावर औषध नाही.

साक्षीदार: १. शिंपी (सही). २. घड्याळवाले (सही).

स्थळ: डॉक्टरांच्या डोक्यावर. दिनांक: डॉक्टरांकडून आलेल्या कॅलेंडरप्रमाणे आजचा, रविवार.

मृत्युपत्र करणार: (सही, खोडलेली)
(सही)

खुलासा: खोडलेली सही डॉक्टरांची आहे. दाखल्याखाली करायची ती त्यांनी माझ्या जागी केली. नाव बरोबर असल्याने साक्षीदारांनाही काही वावगे वाटले नाही. खालची सही माझी. कागदोपत्री पहिल्यांदाच कोणीतरी डॉक्टरांना मी समजले, आणि तेही खुद्द डॉक्टरांनी.