नळीखालचे शिक्के

मुलुंड,
ता. ९ नोव्हेंबर १९५७

चि. अनंतास अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. सुनंदाचा खोकला एकदाचा हटला. वनमाला आणि मुलं कशी आहेत? अप्पांच्या तेराव्याला आलास तेव्हाही आपण भाऊ धड बोललो नाही, आणि आज दादाचं पत्र कसं, असं वाटेल तुला. सांगतो. जरा आडवळणानं येतो, तेवढं चालवून घे.

परवाना अप्पांच्या नावावर, तेव्हा ती फुटकी दुनळी बंदूक आता चौकीत जमा करायची आहे. अर्जात बनावट आणि साल लिहा म्हणाले. मला कुठलं ठाऊक! म्हणून घाटकोपरच्या काशीराम मिस्त्रींकडे नेली. सत्तरी उलटलीय, जन्मभर बंदुका दुरुस्त केल्या. त्यांनी नळ्या दस्त्यापासून सोडवून रॉकेलनं पुसल्या. अप्पांच्या चाळीस खंडेनवम्यांचं हळदकुंकू निघालं बघ. नळ्यांच्या पोटाला बारीक शिक्के होते. एक मुकुट, आणि इंग्रजीत ‘नॉट फॉर बॉल’. म्हणजे हिच्यात छरेच घालायचे, सबंध गोळी नाही. हा शिक्का विलायतेत १८७५ ते ८७ एवढाच मारत, म्हणाले. अप्पांच्या जन्माआधीची निघाली रे! नळीवरची पिळाची नक्षीही त्याच काळची. असल्या बंदुकीला जुनी काळी दारूच सोसते. नव्या, बिनधुराच्या काडतुसांचा शिक्का हिच्यावर नाहीच.

मी म्हटलं, पण ही नळीत चिखल अडकून फुटली. म्हातारा चिडला.

“चिखलानं तोंडाशी फुटली असती. ही मागं फुटलीय, काडतुसापाशी. नवी काडतुसं कुणी दिली हिला?”



अनंता, डोंगरावरून रानडुक्कर आपल्या भाजीच्या वाफ्यांत उतरायला लागलं, तेव्हा काडतुसं मी आणली होती. दुकानदारानं विचारलं होतं, नळीवर पीळ दिसतो का, दिसत असेल तर आधी दाखवायला आणा. मी बेधडक नाही म्हणून सांगितलं. दाखवायला न्यायची तर आणखी एक रजा गेली असती. एवढंच कारण. याहून मोठं काही असतं तर बरं झालं असतं.

आणि तू बार काढलास, नळी फुटली, तुझा हात फडक्यात गुंडाळलेला असताना ओटीवर सगळ्यांसमोर मीच ओरडलो, यानं बंदूक चिखलात टेकवली म्हणून. तुलाही ते खरं वाटलं. तीन बोटं गेली, छापखान्यात खिळे जुळवायचं काम गेलं, तू कुडाळला निघून गेलास. अप्पा शेवटच्या आजारातही म्हणत, अनंताला हत्याराची शिस्त नाही. मी शेजारी बसून वारा घालत होतो. शिक्के तेव्हा ठाऊक नव्हते, पण दुकानदाराचा प्रश्न पाठ होता. तरी तोंड उघडलं नाही. आता अप्पांना काय सांगू आणि कुठे सांगू?

माफी मागायला मला तोंड नाही. एक कर. मी चारचौघांत बोललो होतो, हे पत्रही चारचौघांत वाच. मुलांना जवळ बसव आणि मोठ्यानं वाच.

नळीत चिखल नव्हता, अनंता.

थोरला म्हणून सही करवत नाही.

विद्याधर