लाल दोऱ्याचं उत्तर

फर्नली, ओहायो
२ फेब्रुवारी

चि. ऑगी,

ताईचे आशीर्वाद, आणि कानटोपी घातल्याशिवाय बाहेर न पडण्याचा हुकूम.

फोन न करता लिहिते आहे. फोनवर आपण भांडतो आणि कागदावर दोघंही शहाण्यासारखी वागतो, असं मम्मा म्हणायची. तुझा नियम नव्या राष्ट्राध्यक्षांनी पहिल्याच दिवशी थांबवला, हे मला बातम्यांच्याही आधी डिट्रिककडून कळलं. शेजारच्या गावात त्याचाही आपल्यासारखाच क्रोमचा मुलामा देण्याचा कारखाना. त्या दिवशी त्याने आपल्या माणसांना डोनट वाटले आणि एक खोका मलाही पाठवला. वर चिठ्ठी, की मार्लीस, शहाण्या मुलीसारखं आधी पंखा घेऊन बसलीस, आता वारा खा.

खोटं कशाला बोलू, झोंबलंच. पाच वर्षं तू राजधानीत बसून क्रोमच्या टाकीवर झाकण आणि वाफ ओढून गाळणारा पंखा सक्तीचा करत होतास, म्हणून मी नाताळाआधीच तो बसवून घेतला. आता सक्ती गेली आणि पंखा राहिला. दिवसभर असा गरजतो की टाकीवरच्या लोवेलला बायकोचा फोन ऐकू येत नाही. तो म्हणतो, एवढ्यासाठी तरी ठेवा. आणि तुम्हा लोकांच्या शब्दावर किती नाचायचं रे? आधी तुमच्याच पर्यावरण खात्याने सांगितलं, वाफ दाबायला टाकीवर फेस घाला. घातला. वीस वर्षांनी तोच फेस नदीत विष म्हणून सापडला आणि गावाने बोट दाखवलं ते आमच्याकडे.

बाकी शुक्रवारची नाकं नेमाने चालू आहेत. मम्माने घालून दिलेली रीत मोडायची नाही: सुट्टीच्या आधी सगळे रांगेत, आणि मी विजेरी घेऊन एकेकाच्या नाकात डोकावणार. सगळ्यात जास्त कुरकुर माझ्या पोटच्या मुलीची. टेस आता दोन नंबरची टाकी एकटी सांभाळते, पण नाक वर कर म्हटलं की सहा वर्षांची होते.

नियम हुकला तो कितीने, ते कळव. माया आहेच, ती बर्फात गोठू देऊ नकोस.

तुझी मार्लीसताई


वॉशिंग्टन
११ फेब्रुवारी

ती. ताई,

सा. न. वि. वि. विशेष असं की, इथे आता विशेष काही उरलेलं नाही.

चार दिवसांनी हुकला. राजपत्रात छापून आला असता, तर मागे घ्यायला त्यांना वर्षभर सुनावण्या घ्याव्या लागल्या असत्या. छपाईच्या रांगेत होता, म्हणून एका सहीत परत आला. खात्याच्या नव्या साहेबांनी आम्हाला जमवून सांगितलं, की कारखानदारांना मोकळा श्वास घेऊ द्यायचा आहे. मला पप्पा आठवले.

तुला त्यांचा दोऱ्याचा खेळ आठवतो ना? थँक्सगिव्हिंगचं जेवण झालं की मम्माच्या शिवणाच्या डब्यातला लाल दोरा घ्यायचे, एका नाकपुडीतून घालायचे आणि दुसरीतून काढायचे. आपण टाळ्या पिटायचो. मी बारा वर्षांचा होईपर्यंत मला वाटायचं, सगळ्यांच्या पप्पांना हे येतं. मग शाळेतल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडल्याशिवाय ते जमत नाही, आणि ते भोक क्रोमच्या वाफेने पडतं. त्या दिवसापासून मी तो नियम लिहितो आहे, पगार नंतर सुरू झाला.

फेसाबद्दलचा तुझा राग खरा आहे. तो माझ्या वेळचा नाही, पण खातं तेच, म्हणून माफी मी मागतो. पंखा मात्र बंद करू नकोस.

टेसला पापा. तुझ्या रागासकट तुझा लोभ चालेल.

तुझा ऑगी


फर्नली
६ मार्च

चि. ऑगी,

आशीर्वाद. पत्राला उशीर झाला, कान धरते.

ट्रॅक्टरवाल्यांचं काम निम्मं गेलं. त्यांचा खरेदीवाला चांगला माणूस, स्वतः येऊन सांगून गेला, की डिट्रिक तेच दांडे कमी भावात चमकवून देतो, वरचे लोक याला जाब विचारतात, हा तरी काय करणार. मी त्याला कॉफी दिली. रागवायचं कोणावर तेच कळेना.

लेंटचे उपास सुरू झाल्यामुळे शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये मासे तळणं चालू आहे. लोवेलने परवा अकरा तुकडे खाल्ले आणि वर म्हणाला, उपास आहे म्हणून एवढ्यावर थांबतो. मिसेस हुदाक पिरोगीच्या पाऱ्या लाटताना मला विचारत होत्या, ऑगी लग्न कधी करणार. मी म्हटलं, त्याचं लग्न सरकारशी झालंय, पण हल्ली नवरीच्या मनात काडीमोड आहे. सगळ्या जणी खूप हसल्या. टेसला थोडी सर्दी आहे, ऋतूच तसा.

आणि चार दिवसच का हुकला, ते तू लिहिलं नाहीस. नोव्हेंबरात तर सगळं तयार आहे म्हणत होतास. तब्येत सांभाळ, प्रेम पोचलं की पोच दे.

ताई


वॉशिंग्टन
१४ मार्च

ती. ताई,

सा. न. वि. वि. तुझं पत्र तीनदा वाचलं. माशांचे तुकडे मोजलेस, पिरोगी आली, माझं लग्नही आलं. पंख्याचा शब्द नाही. फेब्रुवारीत त्याच्या आवाजावर अर्धा कागद खर्च केला होतास. मी काही विचारत नाही. तू मला लहानपणी कधी खोटं सांगितलं नाहीस, फक्त विषय बदलायचीस.

आता चार दिवसांचं. सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण तू विचारलंस. मसुद्यावर आलेल्या प्रत्येक पत्राला खात्याने लेखी उत्तर दिल्याशिवाय नियम छापायला जात नाही, असा कायदा आहे. शेवटच्या दिवशी एक पत्र आलं: छोट्या कारखान्यांना आणखी एक वर्ष द्या, पंखे बनवणारे वेळेवर देत नाहीत. खाली सही, मार्लीस व्राबेल. बहिणीच्या पत्राला मी कसा हात लावणार? मी ते दुसऱ्या विभागातल्या बाईंकडे सोपवलं. त्यांना सगळं पहिल्यापासून वाचावं लागलं, तीन आठवडे गेले. पत्र चांगलं होतं गं. त्यांनी छोट्यांना ते वर्ष देऊनही टाकलं होतं.

यात तुझी चूक नाही आणि माझीही नाही, हे मी स्वतःला रोज सांगतो. आमचा विभाग मेअखेर बंद होणार, असं काल कळवलंय.

तुझा
ऑगी


फर्नली
२३ मार्च

चि. ऑगी,

आशीर्वाद द्यायची लायकी आज नाही, तरी देते.

ट्रॅक्टरवाला कॉफी पिऊन गेला, त्याच दुपारी विजेचं बिल वाचवायला मी पंखा बंद केला. लोवेलने माझ्याकडे पाहिलं आणि तो परत टाकीकडे वळला. कारखान्यात इतकं शांत झालं, की कोणीतरी शीळ घालू लागलं. मी स्वतःला समजावलं, नवं काम मिळेपर्यंतच. आणि तुला सांगायला लाज वाटते, त्या शुक्रवारपासून नाकं बघणंही मी टाळलं. मासे तळायला मदत हवी म्हणून लवकर निघाले. पुढच्या शुक्रवारीही निघाले. मला काय दिसेल ते मला ठाऊक होतं.

तुझं पत्र मंगळवारी आलं. शुक्रवारची वाट न बघता सगळ्यांना उभं केलं. लोवेलचं नाक ठीक. टेस म्हणाली, मम्मा, राहू दे, सर्दी आहे. मी तिची हनुवटी धरली. आत मधल्या पडद्यावर मसुराएवढा लाल व्रण होता आणि कडेला वाळलेलं रक्त. रोज सकाळी उशीवर डाग पडायचे म्हणे. मला त्रास नको म्हणून बोलली नाही. मी विजेरी विझवून खिशात टाकली. माझ्याच लेकीच्या नाकात मी दोरा ओवायला निघाले होते, ऑगी.

डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, भोक नाही, भरून येईल. ती सध्या ऑफिसात बसते आणि फोनवर गिऱ्हाइकांना रागावते. पंखा चालू आहे. सगळ्यांना खरं सांगितलं, की पंख्याच्या खर्चात भाव उतरणार नाही, आठवड्याला चारच दिवस काम पुरेल. लोवेल म्हणाला, चार दिवस तर चार दिवस, पाचव्या दिवशी मासे पकडू.

तुझ्या पत्राबद्दल काय लिहू? नियमाला चार दिवस कमी पडले ते माझ्यामुळे, आणि त्या नियमाची गरज कोणाला होती तर मला. मला सांगणारं कोणीतरी हवं होतं रे. मनात आलं की बंद करता येतं, तेच वाईट.

रागाव, पण लिही.

ताई


वॉशिंग्टन
२ एप्रिल

ती. ताई,

सा. न. वि. वि. रागावलो होतो. दोन पत्रं फाडली, हे तिसरं.

टेसला सांग, उशीवरचे डाग लपवणं हा घराण्याचा रोग आहे, पप्पांनाही होता. मी जूनमध्ये येतो. मला कारखान्यातलं काही येत नाही, पण झाडू मारता येतो आणि मासेही साफ करता येतात.

एक गंमत. नव्या साहेबांनी सगळ्या कारखानदारांना पत्रं धाडली आहेत: कोणते नियम जाचक वाटतात ते कळवा, काढून टाकू. आमचा अडलेला नियम पहिल्या यादीत आहे. डिट्रिकने म्हणे लगेच कळवलं. तुलाही येईल. मत पाठवायची मुदत महिनाअखेर.

कायदा अजून तोच आहे. प्रत्येक पत्राला लेखी उत्तर द्यावं लागतं.

तुझा
ऑगी


फर्नली
२० एप्रिल

चि. ऑगी,

आशीर्वाद, या खेपेला मान वर करून. टेसचा व्रण भरला. सोमवारपासून ती परत दोन नंबरवर, पंख्याखाली. नाक दाखवताना आता कुरकुर करत नाही, उलट माझंही नाक तीच बघते. ट्रॅक्टरवाल्यांचं गेलेलं काम परतलं नाही. चार दिवसांचा आठवडा अंगवळणी पडतो आहे, आवाज मात्र नाही.

साहेबांचं पत्र आलं. मी आज उत्तर टपालात टाकलं, रजिस्टर करून. त्यात लिहिलं, की नियम जाचक आहे, पंखा फार गरजतो, ट्रॅक्टरवाल्यांचं निम्मं काम त्याने नेलं, आणि तरी तो नियम छापा. कारण मी चांगली बाई आहे असं गाव म्हणतं, आणि मी माझ्याच मुलीच्या टाकीवरचा पंखा अठरा दिवस बंद ठेवला. खाली मम्माच्या डब्यातला लाल दोरा, वीतभर, टाचणीने लावला. पप्पांचं नाव, ते किती वर्षं टाकीवर होते ते, आणि हा दोरा कुठून घालून कुठून काढत, एवढंच लिहिलं. शेवटी एकच प्रश्न विचारला: याला टाळ्या वाजवायच्या का?

तीन आठवडे लागू देत, तीन महिने लागू देत. कोणीतरी तो हातात घेऊन बसेल, आणि त्याला मला लेखी उत्तर द्यावं लागेल.

जूनमध्ये ये. तुझी खोली झाडून ठेवली आहे. झाडू बाहेरच ठेवलाय.

तुझी
मार्लीसताई